आरतीतली चक्कर

माझ्या अंगात देवी आली होती, असं आमच्या गावातले काही लोक अजूनही मानतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. अंगात येणं म्हणजे काय असतं, यावर मी दरवर्षी सातवीच्या वर्गात एक अख्खा तास झोडायची आणि घरी जाऊन आईबापांनाही सांगा असं वर बजावायची. आईबाप शाळेत भांडायला आले की त्यांनाही उभ्या उभ्या ऐकवायची. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आता हे सगळं लिहिताना तोंड कुठे लपवावं ते कळत नाही.

सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून झाली. निवृत्त झाल्यावर गुडघा दाखवायला मी कारंज्याला गेले होते. डॉक्टरांनी गुडघा थोडा पाहिला आणि रक्त तपासायला लावलं. त्यात कोलेस्टेरॉल निघालं. मी अंगाने काडी. मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल. डॉक्टर हसून म्हणाले, बारीक माणसाच्याही रक्तात चरबी वाढते, मॅडम. रोज रात्री एक गोळी घ्यायची. अंग दुखलं, चक्कर आली, काहीही वेगळं वाटलं तर येऊन सांगायचं, मनाने बंद करायची नाही. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावली.

गावात मात्र कोणाला कळू दिलं नाही. चरबी वाढली हे आमच्याकडे माणसाला काय अर्थाने म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्यासारख्या फटकळ बाईबद्दल तर लोकांना आयतंच कोलीत मिळालं असतं. शिवाय शाळेच्या खिचडीत तेल जास्त पडलं म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईला मी किती वेळा बोलले होते. गोळ्यांचं पाकीट मी चहाच्या डब्यामागे ठेवलं. घरात मी एकटीच असते, लपवायचं तरी कोणापासून, पण लपवलं.

काही दिवसांनी उठताना डोकं गरगरायला लागलं. खाटेवरून उठले की क्षणभर भिंत धरायची. बादली उचलायला वाकले की अंगण एका बाजूला सरकायचं. गोळीमुळे होत असेल, असा संशय मला लगेच आला होता. डॉक्टरांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं. कामरगावला जाऊन जीप धरली की कारंजा काही लांब नाही. पण गेले नाही, कारण लाज वाटली. गोळी सोसत नाही म्हणणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर हसले होते. लोहाच्या गोळ्या खिडकीतून फेकणाऱ्या पोरींना मी समोर उभं करून गिळायला लावायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायला सांगायची. त्यातल्याच एकीने मला आता पाहावं, हे मला नको होतं.

अशात नवरात्र आलं. मी नवरात्राचे उपास करते. देवासाठी नाही, पोटाला आराम म्हणून, असं मी विचारणाऱ्याला सांगते. खरं म्हणजे सासूबाई होत्या तोवर त्यांच्या धाकाने करायची आणि नंतर सवय सुटली नाही. आरतीलाही जाते. जुन्या पोरी लेकरं कडेवर घेऊन भेटतात, आणि एकटीला संध्याकाळी घर खायला उठतं.

त्या दिवशी आरतीच्या आधी पोथी होती. खाली बसून पाय आखडले होते, पोटात साबुदाण्याचे चार घास. शंख वाजला तशा सगळ्या बायका उठल्या, मीही झटक्यात उठले. देऊळ फिरलं. समोरची समई एकदा उजवीकडे गेली, एकदा डावीकडे. मी खांब समजून हात टाकला तो एका पोरीच्या खांद्यावर पडला आणि ती घाबरून बाजूला झाली. मी उभ्या जागी डुलायला लागले. अंबाड्याचा आकडा निसटला, केस पाठीवर मोकळे झाले. ते पाहून डफडेवाल्याने ठेका वाढवला.

"बाईच्या आंगात आली," बायकांमधून कोणीतरी म्हणालं. फार मोठ्याने नाही, पण सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

मला धरून पाटावर बसवलं. कोणी कपाळभर कुंकू भरलं, कोणी पायावर पाणी घातलं. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "माय, आमचं काही चुकलं असन तं सांग." मला सांगायचं होतं की चक्कर आली आहे, साखरपाणी द्या. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की शब्द फुटला नाही. तेवढ्या वेळाचं मी स्वतःला माफ केलं आहे.

त्याच्या पुढचं नाही. थोड्या वेळाने डोकं ठिकाणावर आलं. समई एका जागी थांबली, माणसांचे चेहरे ओळखू यायला लागले. तेव्हा माझ्यासमोर रांग लागली होती. मी बोलू शकत होते. उठून घरीही जाऊ शकत होते. रांगेत माझे शेजारी होते, त्यांना मी भाऊ म्हणते. वयाने माझ्याच बरोबरीचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आपली सोयाबीन बरी आणि आपली तूर बरी. आदल्या वर्षी छातीत दुखलं तेव्हा अकोल्याला त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. त्यांनी टोपी काढली आणि डोकं माझ्या पायावर ठेवलं. पाय मागे घ्यायला काही फार ताकद लागत नाही. मी घेतले नाहीत.

का, ते सांगते. मला आवडलं. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोणी काही विचारायला येत नव्हतं. ज्या गावाला मी सगळी उमर डोळे वटारून शिकवलं, ते गाव रस्त्यात भेटलं की नमस्कार करून पुढे जायचं. त्या संध्याकाळी ते सगळं गाव माझ्यासमोर हात जोडून उभं होतं. ते मी शिकवलेलं विसरून उभं होतं हे मला कळत होतं, आणि तरीही आवडलं.

घरी आल्यावर कपाळाचं कुंकू धुतलं आणि गोळी घेतली नाही. त्या दिवसापासून ती बंदच केली. हळूहळू गरगरणं कमी झालं. म्हणजे गोळीचंच होतं, असं मी परस्पर ठरवून टाकलं. सातवीच्या पोराने असा एका निरीक्षणावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याची वही फेकली असती.

पुढचे काही दिवस लोक येत राहिले. धनजहून एक बाई आली, लेकीचं लग्न जुळत नाही म्हणून. मी तिला म्हटलं, बाई, मला यातलं काही समजत नाही. तिला ते देवीचं विनयाचं बोलणं वाटलं. जाताना ती उंबऱ्यावर नारळ ठेवून गेली. मी त्याची चटणी केली.

मग दसरा झाला, आणि त्यानंतर एका दुपारी भाऊंची बायको आली. वहिनी तशी माझ्याकडे नेहमी येते, दही मागायला, कधी नुसती टेकायला. त्या दिवशी टेकली नाही. दाराशी उभी राहिली आणि बाहेर कोणी नाही ना, ते पाहिलं.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्या आंगात काय आलं थे मले माहीत हाय."

माझी नजर चहाच्या डब्याकडे गेली.

"दसऱ्याले सोनं द्याले आल्ती, तवा तुमी हात धुवाले गेल्त्या. म्या चहा टाकाले डबा काढला तं मांगं पाकीट दिसलं. आमच्या ह्यायचीच गोळी हाय थे. ह्यायलेही गरगरते."

माझे कान तापले. चोरी पकडलेल्या पोरांचे चेहरे मी खूप पाहिले आहेत, माझा त्या वेळी कसा झाला असेल ते मला आरशाशिवाय समजलं.

"मंग कोणाले सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगून काय करू? तुमचं तुमच्यापाशी. मले माह्या घरचं पडलं हाय."

मग ती खाली बसली आणि तिने सांगितलं. भाऊंना शेतात सोयाबीनच्या सुडीपाशी, कापलेल्या पिकाच्या ढिगाजवळ, चक्कर आली होती. मजुरांच्या देखत मटकन खाली बसले. घरी आले आणि सगळ्या गोळ्या बंद करून टाकल्या. कोणत्या गोळीने गरगरतं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच. रक्त पातळ करायची, चरबीची, दाबाची, एकही नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, तो आणखी एक गोळी देईन. अकोल्याहून सुट्टी देताना त्या मोठ्या डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गोळ्या सुटल्या तर ती स्प्रिंग पुन्हा बंद पडू शकते. ते वाक्य ती घेऊन फिरत होती आणि नवरा ऐकत नव्हता.

"तुमी सांगा त्यायले. देवी म्हणून सांगा, एक डाव."

"वहिनी, असं नाही करत मी. खोटं हाय थे."

"त्या दिशी खरं होतं काय?"

तिने हे भांडायला म्हटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, मी बाई म्हणून येते, समजावून सांगते. ती मान हलवत म्हणाली, "बाई म्हणून सांगान तं ऐकनार नाहीत. त्या दिशी घरी येऊन देवापुढं बसून राह्यले होते. देवीचंच ऐकतीन." एका माणसाचा जीव आणि माझी अब्रू असा तो सौदा आहे, असं मी स्वतःला समजावलं. अब्रू त्या आरतीतच गेली होती, तेव्हा त्यात फारसं काही द्यावं लागत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनीने पाट मांडला होता, दिवा लावला होता. मी बसले. ती मागून येऊन कानाशी हळूच म्हणाली, "केस सोडा थोडे." मी आकडा काढला. त्या क्षणाची जितकी लाज वाटते तितकी आरतीचीही वाटत नाही. तिथे निदान डोकं फिरत होतं. इथे मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, हाताने अंबाडा सोडून बसले होते. मी डोळे मिटून थोडी डुलले. किती डुलावं याचा अंदाज नव्हता, म्हणून जपून डुलले.

भाऊ समोर हात जोडून बसले.

"गोळ्या सोडू नको," मी म्हटलं. आवाज घोगरा करायला गेले तर खोकला आला. "डॉक्टरपाशी जाय. गरगरते थे त्याले सांग. लपवू नको."

लपवू नको हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा माझी मलाच शिसारी आली. जे मी स्वतः केलं नव्हतं तेच त्यांना करायला सांगत होते, आणि तेही देवीच्या तोंडून.

"कवा जाऊ, माय?" भाऊंनी विचारलं.

"सोमवारी," मी म्हटलं. शनिवारी डॉक्टर वाशिमला असतात आणि रविवारी दवाखाना बंद, हे देवीला बरोबर माहीत होतं.

भाऊंनी पुन्हा डोकं टेकवलं. मग थोडं थांबून म्हणाले, "सोमवारी बाईनं संग यावं." म्हणजे देवीकडून त्यांनी मला मागून घेतलं. मी डोळे उघडले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून पदराने डोळे पुसत होती. तिचं काम झालं होतं.

सोमवारी आम्ही तिघं कामरगावहून जीपने कारंज्याला, माझ्याच डॉक्टरांकडे गेलो. भाऊंनी दवाखान्यात सगळं नीट सांगितलं, उन्हात उभं राहिलं की गरगरतं, वाकून उठलं की जास्त, मजुरांच्या देखत मटकन बसलो, आणि घाबरून गोळ्या सोडल्या. डॉक्टर चिडले नाहीत. आधी झोपवून आणि मग उभं करून त्यांचा रक्तदाब पाहिला. म्हणाले, चक्कर दाबाच्या गोळीनेही येते, चरबीच्या गोळीनेही काही जणांना येते, दिवसभर उन्हात पाणी न पिता राबलं तरी येते. त्यातलं कोणतं ते शोधता येतं. एकीची मात्रा कमी करू, एक बदलून पाहू. पण सगळ्या एकदम सोडल्या त्याने जीव गेला असता. त्रास झाला तर माझ्याशी भांडायला या, गोळ्यांशी भांडू नका. भाऊ एकेक शब्द ऐकत होते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि मॅडम, तुम्ही तर परत आलाच नाहीत. तुमची गोळी चालू आहे ना?"

मी उत्तर द्यायच्या आधीच भाऊ म्हणाले, "त्यायले कायची गोळी, सायेब? त्यायच्या आंगात देवी येते."

ते अभिमानाने म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी जमिनीकडे पाहत होती. हो, चालू आहे, एवढंच म्हणायचं होतं. भाऊंचा विश्वास तसाच राहिला असता, गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि मी ताठ मानेने घरी आले असते. तसं म्हणण्यासाठी मी तोंड उघडलंही होतं. पण समोर भाऊ बसले होते. आताच त्यांनी मजुरांच्या देखत मटकन बसल्याचं एका परक्या माणसाला सांगितलं होतं, कारण मी त्यांना लपवू नको म्हटलं होतं.

"बंद केली," मी म्हटलं. "मलाही चक्कर येत होती. नवरात्रात आरतीत आली, तीही चक्करच होती. भाऊ, देवी नव्हती. त्या दिवशीही नव्हती आणि शुक्रवारीही नव्हती."

डॉक्टरांना अर्धंच समजलं असेल. त्यांनी माझाही रक्तदाब पाहिला, उपासाचं विचारलं, म्हणाले की गोळीचं असेल किंवा रिकाम्या पोटाचं, न सांगता बंद केल्यामुळे आता ते ओळखणंही अवघड झालं. दुसरी गोळी कमी मात्रेत लिहून दिली आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी भाऊंकडे पाहायचं टाळत होते, त्यामुळे टेबलावरची काचेची बाटली मला अजून नीट आठवते.

बाहेर आल्यावर वहिनी औषधं घ्यायला गेली. आम्ही दोघं जीपची वाट पाहत झाडाखालच्या बाकावर बसलो.  मी म्हटलं, "भाऊ, माझ्यावर राग काढा, गोळ्या सोडू नका."

"गोळ्या घेतो मी," ते म्हणाले. "डॉक्टरनं नीट समजावलं. कायले सोडू?"

मला हायसं वाटलं. मी आणखी काही बोलायला गेले, माफीचंच काहीतरी, तर त्यांनी हाताने थांबवलं. ते रागावलेले नव्हते. हिशोब लागत नसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आमच्या मायच्या आंगात येत होती," ते म्हणाले. "दर नवरात्रात यायची. तिचंबी म्या कधी मानलं नाही. दुसऱ्या कोन्या बाईच्या आंगात आली असती तं म्या उठून घरी गेलो असतो. तुमी होत्या म्हणून मानलं. म्हटलं, बाई कधी खोटं नाही करत, बाईच्या आंगात आली म्हणजे असन काही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मले साधं काहून नाही सांगतलं, बाई? गोळी घ्या म्हणून? घेतली असती ना म्या."

 वहिनी औषधांची पुडी घेऊन आली, आणि समोरून जीप आली. भाऊ उठले आणि शेजारधर्माने नेहमी उचलतात तशी माझी पिशवी त्यांनी उचलली. ती त्यांच्या हातातून ओढून घ्यावी असं मला वाटलं, पण तेवढाही हक्क मला उरला नव्हता.